प्रकाशतंतू संचार : तत्त्व, घटक आणि लघुउद्योग



भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट्ट’ १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून अवकाशात गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. तो घडला कोठे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. बंगळुरू शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे. तेथील साध्या औद्योगिक शेडमध्ये प्रा. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखालील तरुण अभियंत्यांनी आर्यभट्ट तयार केला. त्याच जागी आज भारतीय अवकाश संशोधन संस्थेची विद्युत-प्रकाशीय प्रणालींची प्रयोगशाळा उभी आहे. उपग्रहाला ताऱ्यांवरून आपली दिशा ओळखता यावी यासाठी लागणारे संवेदक आणि इतर प्रकाशीय उपकरणे ती विकसित करते.

या प्रयोगशाळेच्या कुंपणाबाहेर अगदी निराळे जग आहे. पीण्यात हजारो लहानमोठे कारखाने आहेत. लेथ, मिलिंग आणि सीएनसी यंत्रांवरची कामे, पत्र्याचे काम, साचे बनवणे, प्लेटिंग, उष्णोपचार, तयार कपडे असे नाना उद्योग तेथे चालतात. ज्यांनी भोसरी, सातपूर किंवा वाळूज पाहिले आहे, त्यांना पीण्याची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. मोठ्या कंपनीने नकाशा द्यायचा, लहान कारखानदाराने त्याबरहुकूम सुटा भाग बनवून द्यायचा, असा जॉबवर्कचा व्यवहार हा या वसाहतीचा कणा आहे. हा व्यवहार मोठ्या ग्राहकाच्या मागणीवर अवलंबून असतो. विजेवर चालणाऱ्या वाहनांत फिरणारे सुटे भाग इंजिनाच्या वाहनापेक्षा पुष्कळच कमी असतात. त्यामुळे इंजिनाचे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकापुढे ‘आता पुढे काय बनवायचे’ हा प्रश्न उभा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर प्रकाशतंतू संचाराच्या क्षेत्रात, म्हणजे ज्याला सर्वजण ऑप्टिकल फायबर म्हणून ओळखतात त्या तंत्रज्ञानात, सापडू शकते. मात्र ते नीट समजण्यासाठी आधी या तंत्रज्ञानाचे मूलतत्त्व पाहिले पाहिजे. कारण लघुउद्योगाची जागा कोठे आहे, हे शेवटी तत्त्वातूनच ठरते.

काचेतून प्रकाश वळतो कसा?

प्रकाश सरळ रेषेत जातो, हा शाळेत शिकलेला नियम. मग वळणे घेत जमिनीखालून जाणाऱ्या तंतूतून तो पलीकडच्या टोकाला कसा पोहोचतो? पाण्याने भरलेल्या हौदाचा तळ वर आल्यासारखा भासतो, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाशाची दिशा बदलते. या अपवर्तनाचीच एक टोकाची अवस्था आहे. घन माध्यमातून विरळ माध्यमाकडे निघालेला किरण सीमेवर फार तिरपा पडला, तर तो बाहेर पडूच शकत नाही. सारा प्रकाश आत परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. आरशावर परावर्तन होताना थोडा प्रकाश दर वेळी शोषला जातो. येथे ती तूट जवळजवळ नसतेच. म्हणून लाखो वेळा परावर्तन झाले तरी प्रकाश टिकून राहतो.

यासाठी तंतूची रचना दोन थरांची असते. मध्यभागी गाभा आणि त्याभोवती आवरण. दोन्ही अतिशुद्ध सिलिका काचेचे असतात. दोहोंचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास असतो. गाभ्यात जर्मेनियम डायऑक्साइडचा अल्प अंश मिसळून त्याचा अपवर्तनांक अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रमाणात वाढवलेला असतो. एवढा सूक्ष्म फरक प्रकाशाला कोंडून ठेवण्यास पुरतो. दूर अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रॉन आणि आवरणाचा व्यास १२५ मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यावर प्लास्टिकचा संरक्षक लेप चढवला की एकूण जाडी पाव मिलिमीटर होते.

गाभा इतका बारीक का ठेवतात? गाभा ५० मायक्रॉनचा केला तर त्यात प्रकाशाला जाण्यासाठी अनेक वाटा मिळतात. काही किरण सरळ जातात, काही नागमोडी. एकाच वेळी निघालेल्या दिंड्या वेगवेगळ्या वाटांनी पंढरपुरास वेगवेगळ्या वेळी पोहोचाव्यात, तसे होते. एक स्पंद पसरट होऊन मागच्या स्पंदात मिसळतो आणि संदेश वाचता येत नाही. गाभा ९ मायक्रॉनचा ठेवला की प्रकाशाला एकच वाट उरते. म्हणून इमारतीच्या आत किंवा काहीशे मीटरपर्यंत जाड गाभ्याचा बहुवाट तंतू चालतो. गावोगाव आणि समुद्रापार मात्र एकवाट तंतूच लागतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. बंगळुरू ते मुंबई या सुमारे हजार किलोमीटरच्या वाटेला त्याला सेकंदाचा केवळ दोनशेवा भाग लागतो.

वीस डेसिबलची अट

पाण्याच्या धारेतून प्रकाश वळतो, हे एकोणिसाव्या शतकातच दाखवले गेले होते. काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेण्याचे महत्त्वाचे काम पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्यासमवेत केले. त्यांचा शोधनिबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. कपानी यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. तथापि हे तंतू शरीराच्या आत डोकावणाऱ्या वैद्यकीय दुर्बिणीला पुरेसे होते, दूरसंचाराला नव्हते. त्या काळच्या चांगल्या काचेतूनही काही मीटरनंतर प्रकाश विझल्यासारखा होई.

ही तूट डेसिबलमध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे. ३ डेसिबल तूट म्हणजे प्रकाश निम्मा, १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा, २० डेसिबल म्हणजे शंभरावा हिस्सा. १९६६ साली इंग्लंडमधील हार्लो येथे काम करणारे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे प्रतिपादन केले, की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धीचा आहे. किलोमीटरमागे तूट २० डेसिबलपर्यंत खाली आणता आली, तर काचतंतू दूरसंचारासाठी व्यवहार्य ठरेल. संशोधनापुढे असा नेमका आकडा ठेवला गेला, हे त्या निबंधाचे मोठेच योगदान होते. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ही अट पूर्ण केली. त्याच वर्षी साध्या तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेसरही साध्य झाला. दिवा आणि वाट दोन्ही एकाच वर्षी मिळाल्यामुळे पुढची वाटचाल वेगाने झाली. काव यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजचा उत्तम तंतू १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल एवढाच प्रकाश गमावतो. काव यांच्या अटीत जेवढी तूट एका किलोमीटरला मान्य होती, तेवढी आज शंभर किलोमीटरला होते. उरलेली तूटही निसर्गनियमाची आहे. आकाश ज्या विकिरणामुळे निळे दिसते, तेच काचेच्या सूक्ष्म रचनेमुळे तंतूतही घडते. तरंगलांबी वाढवली की ते झपाट्याने घटते. फार वाढवली तर काच स्वतःच प्रकाश शोषू लागते. या दोहोंच्या मधला पट्टा म्हणून १३१० आणि १५५० नॅनोमीटर या अदृश्य अवरक्त तरंगलांबी संचारासाठी रूढ झाल्या.

दुव्याचे घटक आणि त्यांचा जमाखर्च

प्रकाशतंतू दुव्याचे मुख्य घटक तीन : प्रकाश निर्माण करणारा प्रेषक, तो वाहून नेणारा तंतू आणि त्याचे पुन्हा विजेत रूपांतर करणारा ग्राही. प्रेषकात इंडियम फॉस्फाइडसारख्या संयुग अर्धवाहकावर घडवलेला, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा लेसर असतो. विजेच्या संकेतानुसार त्याचा प्रकाश कमीजास्त होतो आणि शून्य व एक या अंकांत संदेश लिहिला जातो. ग्राहीत इंडियम, गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचा प्रकाशसंवेदी डायोड असतो. लांबच्या वाटेवर प्रकाश क्षीण झाला की मध्ये विवर्धक लागतो. पूर्वी प्रकाशाची वीज करून, ती वाढवून, पुन्हा प्रकाश करावा लागे. १९८७ च्या सुमारास तंतूतच एर्बियम हे मूलद्रव्य मिसळून प्रकाशाने प्रकाश वाढवण्याची युक्ती साधली आणि ही कटकट संपली. त्यामुळेच एका तंतूतून ऐंशी किंवा त्याहून अधिक तरंगलांबी एकाच वेळी पाठवणे परवडू लागले. प्रत्येक तरंगलांबी म्हणजे जणू स्वतंत्र मार्गिका.

याखेरीज काही घटक असे आहेत, की ज्यांना वीज लागत नाही आणि ज्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. दोन तंतू वितळवून कायमचे जोडणारा सांधा, हवा तेव्हा काढता-लावता येणारा कनेक्टर, एका तंतूतील प्रकाश अनेक घरांत वाटून देणारा स्प्लिटर, सांध्याला पाऊसपाण्यापासून सांभाळणारी बंदिस्त पेटी, तंतूंची वळणे नीट राखणारा ट्रे आणि या सर्वांना धरून ठेवणारी चौकट, हे ते घटक होत. 

घरोघरी जाणाऱ्या प्रकाशतंतू जाळ्याचा जमाखर्च मांडून पाहिला, की या दुर्लक्षित घटकांचे मोल कळते. अशा जाळ्याच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रकारात केंद्रापासून घरापर्यंत एकूण २८ डेसिबल तूट चालते. ही जमेची बाजू. आता खर्च पाहू. बत्तीस घरांना प्रकाश वाटायचा तर तो पाच वेळा निम्मा करावा लागतो. तेथे तत्त्वतःच १५ डेसिबल जातात आणि प्रत्यक्षात १७ पर्यंत. दहा किलोमीटर तंतूला १३१० नॅनोमीटरला सुमारे साडेतीन डेसिबल. प्रत्येकी अर्धा डेसिबल धरून चार कनेक्टरांचे दोन. दहा सांध्यांचा मिळून एक. एकूण खर्च साडेतेवीस, शिल्लक साडेचार. ही शिल्लक पुढील वीस-पंचवीस वर्षांतील दुरुस्त्या, जीर्णता आणि चुका यांसाठी राखायची असते. धुळीने माखलेला एखादा कनेक्टर किंवा घाईने केलेले दोन-तीन सांधे ही शिल्लक आजच खाऊन टाकतात. मग गावातील शाळेत यंत्र बसते, दिवा लागतो, पण जोडणी सतत तुटत राहते. दोष मात्र फायबरला दिला जातो.

जोडाचे अर्थशास्त्र

कनेक्टरमध्ये दोन तंतूंची टोके समोरासमोर टेकवलेली असतात. नऊ मायक्रॉनचा गाभा नेमका नऊ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर यावा लागतो. दोन गाभे एकमेकांपासून एक मायक्रॉन सरकले, तर १५५० नॅनोमीटरला होणारी तूट सुमारे ०.१६ डेसिबल असते. दोन मायक्रॉन सरकले तर ती चौपट, म्हणजे सुमारे ०.६४ डेसिबल होते. एक किलोमीटर काचेतून जाताना प्रकाश ०.२ डेसिबल गमावतो, हे वर पाहिलेच. म्हणजे जोडावरील दोन मायक्रॉनची चूक तीन किलोमीटर तंतूला भारी पडते.

या तंत्रज्ञानातील आर्थिक विचाराचे सूत्र येथे हाती लागते. काच तयार करणे हा प्रचंड भांडवलाचा, मोजक्या मोठ्या कारखान्यांचा व्यवसाय आहे. काचेचा जाड दंड दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून, उंच मनोऱ्यावरून त्याचा तंतू ओढावा लागतो. हे लघुउद्योगाचे काम नव्हे. लेसरची अर्धवाहक चकती हेही त्याचे काम नव्हे. त्याला अतिस्वच्छ कक्ष आणि मोठी गुंतवणूक लागते. पण दुव्याची गुणवत्ता अखेर जोडांवर ठरते आणि जोड हे अचूक यंत्रकामाचे अपत्य आहे. कनेक्टरच्या आत झिर्कोनिया या कठीण मृत्तिकेची अडीच मिलिमीटर व्यासाची नळी असते. तिच्या मध्यभागी १२५ मायक्रॉनहून किंचित मोठे छिद्र असते आणि ते केंद्रापासून साधारण एक मायक्रॉनहून अधिक ढळून चालत नाही. 

पीण्यातील चांगला कारखाना शतांश मिलिमीटरची, म्हणजे दहा मायक्रॉनची अचूकता रोजच्या कामात पाळतो. प्रकाशीय कनेक्टर सहस्रांश मिलिमीटरची अचूकता मागतो. या दोहोंमध्ये दशांश चिन्हानंतरच्या केवळ एका स्थानाचे अंतर आहे. ते लहान वाटते, पण त्यासाठी तापमान स्थिर राखणारी खोली, मापनाची वरच्या दर्जाची साधने, धूळमुक्त जागा आणि नव्या सवयीचे कामगार लागतात. हे एक स्थान ओलांडायचे की नाही आणि ओलांडायचे तर कोणाच्या साहाय्याने, हाच पीण्यासारख्या वसाहतींपुढील खरा प्रश्न आहे.

पुण्यापासून पंचायतीपर्यंत

भारतातील दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू प्रणाली १९७९ साली पुणे शहरात सुरू झाली. कॉर्निंगच्या यशानंतर अवघ्या नऊ वर्षांत भारताने हे पाऊल टाकले, ही मराठी वाचकाने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट आहे. पुढे १९९० च्या दशकात समुद्राखालील प्रकाशतंतू केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागल्या. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज व शेंद्रा येथे काचेपासून तंतूपर्यंतची निर्मिती उभी राहिली. गोव्यातील वेर्णा येथे केबलचे कारखाने आले. तंतू आणि केबल यांच्या निर्मितीत भारताचे नाव जगात घेतले जाते, ते अशा कारखान्यांमुळे.

मागणीच्या बाजूने सर्वांत मोठे पाऊल ऑक्टोबर २०११ मध्ये पडले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेला तेव्हा मंजुरी मिळाली. तीच पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे उद्दिष्ट डिसेंबर २०१७ मध्ये गाठले गेले आणि नंतर ही संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. तथापि पंचायतीपर्यंत तंतू पोहोचणे आणि तेथे सेवा अखंड चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा अनुभव देशभर आला. रस्त्याच्या खोदाईत केबल तुटणे, दुरुस्तीस विलंब होणे, सांधे सदोष असणे अशी कारणे वारंवार पुढे आली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात जाळ्याला वर्तुळाकार रचना देण्याचा आणि दहा वर्षांच्या देखभालीचा अंतर्भाव करण्यात आला. एका बाजूने तंतू तुटला तर प्रकाश दुसऱ्या बाजूने यावा, हा या रचनेचा हेतू. धोरणाची नजर किलोमीटरवरून जोडाकडे आणि उभारणीवरून देखभालीकडे वळू लागल्याचे हे सुचिन्ह आहे. 

दरम्यान मागणीचे दुसरेही क्षेत्र उदयास आले आहे. माहिती साठवणारी व कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते करणारी प्रचंड केंद्रे मुंबई-नवी मुंबई परिसरात आणि इतरत्र उभी राहत आहेत. अशा एकेका केंद्रात यंत्रांना आपसांत जोडणाऱ्या प्रकाशीय जोडण्या हजारोंच्या संख्येने लागतात. तेथे तंतूची लांबी थोडी आणि जोड फार असतात.

संधी आणि अडसर

मग या जोडांची निर्मिती येथे का वाढली नाही? एक कारण इतिहासात आहे. भारत १९९७ साली माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सहभागी झाला आणि त्यात समाविष्ट असलेल्या वस्तूंवरील आयातशुल्क २००५ पर्यंत शून्यावर आले. ग्राहकाला आणि सॉफ्टवेअर उद्योगाला याचा मोठा लाभ झाला. पण घटक बनवू पाहणाऱ्या लहान कारखानदाराला तयार उपकरणाच्या शुल्कमुक्त आयातीशी स्पर्धा करताना आपल्या कच्च्या मालावर आणि यंत्रांवर कर भरावा लागला. तयार माल स्वस्त व सुटा भाग महाग, अशी उलटी रचना निर्माण झाली.

दुसरे कारण प्रमाणाचे आहे. श्रमविभागणी बाजारपेठेच्या आकारावर अवलंबून असते, हे ॲडम स्मिथचे सूत्र येथे तंतोतंत लागू पडते. कनेक्टर लाखोंच्या संख्येने बनवले तरच त्याची किंमत उतरते आणि मोठी मागणी ज्याच्या हाती आधीच आहे तोच लाखोंच्या संख्येने बनवू शकतो. पूर्व आशियातील उत्पादकांनी हे चक्र आधी फिरवले. नुसते आयातशुल्क वाढवून ते येथे फिरेल असे नव्हे. २०२३ साली काही देशांतून येणाऱ्या एकवाट तंतूवर भारताने प्रतिपाटन शुल्क लावले. त्याने तंतू बनवणाऱ्याला संरक्षण मिळते, पण तोच तंतू विकत घेऊन केबल बनवणाऱ्याचा खर्च वाढतो. संरक्षणाची किंमत साखळीतील पुढचा दुवा भरतो, हे विसरून चालत नाही.

तिसरे कारण प्रोत्साहनाच्या आखणीत आहे. दूरसंचार व जाळे-उपकरणांसाठीची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना २०२१ साली १२ हजार १९५ कोटी रुपयांची तरतूद करून आली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी किमान गुंतवणुकीची अट १० कोटी रुपये आणि इतरांसाठी १०० कोटी रुपये ठेवण्यात आली. ही सवलत स्वागतार्हच होती. परंतु १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसारही सूक्ष्म उद्योगाची यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांच्या आत असते. म्हणजे दहा कोटींची अट पूर्ण करणारा उद्योग सूक्ष्म राहूच शकत नाही. योजनेचे दार उघडे होते, पण त्याचा उंबरठा शेडमधल्या कारखानदाराच्या गुडघ्याहून उंच होता.

चौथी अडचण रोजच्या व्यवहाराची आहे. सरकारी व खासगी निविदांत सर्वांत कमी दराला काम देण्याची प्रथा आहे. दोन कनेक्टर बाहेरून सारखेच दिसतात. एकात ०.२ डेसिबल तूट होते, दुसऱ्यात ०.७. निविदेत हा फरक रुपयांत मोजला जात नाही. मग चांगला कनेक्टर बनवणारा केवळ महाग ठरतो. त्यातच विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. २००६ च्या कायद्याने अशी देणी फार तर ४५ दिवसांत चुकती करणे बंधनकारक केले. तरी थकलेल्या देण्यांची तक्रार लघुउद्योगाच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. खेळते भांडवल ग्राहकाकडे अडकलेले असताना दशांशाचे पुढचे स्थान गाठण्यासाठी यंत्र घेण्याचे धाडस कारखानदार कसे करणार?

चार किलोमीटरांचा प्रश्न

हे अडसर मोठे असले तरी पीण्याच्या जमेच्या बाजूला जे आहे ते फार थोड्या वसाहतींना लाभले आहे. तुमकूर रस्त्यावरच केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था आहे. यंत्रसाधनांच्या विकासासाठी १९६० च्या दशकात निघालेल्या या संस्थेत आज अतिअचूक यंत्रण आणि सूक्ष्ममापन यांच्या सोयी आहेत. हत्यारे व साचे बनवणाऱ्या कुशल कारागिरांना घडवणारी नेट्टूर तंत्र प्रशिक्षण संस्था पीण्यातच आहे. अवकाश संशोधन संस्थेची प्रकाशीय प्रयोगशाळाही तेथेच. दूरसंचार उपकरणे बनवणारा सार्वजनिक क्षेत्रातील पहिला कारखाना १९४८ साली याच शहरात निघाला. ज्ञान, मापन, प्रशिक्षण आणि हजारो यंत्रे ही सारी काही किलोमीटरांच्या परिघात आहेत. उणीव आहे ती त्यांच्यामधील जोडाची. तंतूप्रमाणे संस्थांमध्येही तूट जोडावरच होते.

म्हणून पुढील मार्ग पायऱ्यापायऱ्यांनी आखावा लागेल. सांध्याच्या पेट्या, ट्रे, वितरणपेट्या, चौकटी आणि कपाटे ही पहिली पायरी. पत्रा, प्लास्टिक आणि साचे यांचे हे काम आजच्या यंत्रांवर, आजच्या अचूकतेत होऊ शकते. येथे कसोटी लागते ती पावसात, उन्हात आणि धुळीत वीस वर्षे टिकण्याची. तयार कनेक्टर आणून तंतूवर बसवणे, त्याचे टोक घासून चकचकीत करणे, सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि तूट मोजून प्रमाणित जोडतार तयार करणे ही दुसरी पायरी. या कामाला भांडवल कमी आणि हाताची शिस्त जास्त लागते. तयार कपड्यांच्या धंद्यातील बारीक कामाची सवय असलेल्या स्त्री-कामगारांना त्यात अधिक कौशल्याचा रोजगार मिळू शकतो. मृत्तिकेच्या नळ्या, संरेखन बाह्या आणि स्प्लिटरची बांधणी ही तिसरी पायरी. सहस्रांश मिलिमीटर तेथे लागतो.

तिसरी पायरी एकट्या कारखान्याला चढवणार नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राची तरतूद आहे. तिचा उपयोग करून प्रकाशीय मापन आणि चाचणी यांचे केंद्र वसाहतीतच उभारता येईल. टोकाची तपासणी, तुटीचे मापन, तापमान व आर्द्रतेच्या चाचण्या यांसाठी लागणारी साधने वीस कारखान्यांनी वाटून घेतली, तर प्रत्येकाचा खर्च आवाक्यात येतो. पुढील प्रोत्साहन योजनांत दहा-बारा सूक्ष्म उद्योगांच्या संघाची एकत्रित गुंतवणूक ग्राह्य धरली, तर उंबरठा आपोआप खाली येईल. निविदेत केवळ खरेदीची किंमत न पाहता प्रत्येक जोडावरील तूट, चाचणीचा दाखला आणि देखभालीचा दहा वर्षांचा खर्च धरला, तर गुणवत्तेला मोल मिळेल. आणि तंतू जोडणाऱ्या तंत्रज्ञाला केवळ रोजंदारीचा मजूर न मानता प्रमाणित कारागिराचा दर्जा व वेतन दिले, तर पंचायतीतील जोडणी तुटण्याची कितीतरी कारणे मुळातच नाहीशी होतील.

यातून लगेच मोठी निर्यात होईल किंवा लेसरची आयात थांबेल, अशी अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. अर्धवाहक लेसर आणि प्रकाशसंवेदी डायोड यांच्या निर्मितीसाठी संशोधन संस्था आणि मोठे भांडवल यांचा दीर्घ मुदतीचा प्रयत्न लागेल. तो स्वतंत्रपणे चालू राहिला पाहिजे. पण लेसर तयार होण्याची वाट पाहत जोड परदेशांतून आणत राहणे हेही शहाणपणाचे नाही. ज्या देशाला अचूक जोड बनवता येतो, त्या देशात उद्या लेसर बसवण्यासाठी लागणारे हात आधीच तयार झालेले असतात. 

आर्यभट्ट ज्या शेडमध्ये घडला, तिच्यात आणि शेजारच्या कारखान्याच्या शेडमध्ये छप्पर किंवा भिंती यांचा फारसा फरक नव्हता. एका शेडमध्ये संशोधन संस्था, मोजमापाची साधने, प्रशिक्षित माणसे आणि निश्चित मागणी एकत्र आली, एवढाच फरक होता. प्रकाशतंतूच्या बाबतीत मागणी आज आली आहे. उरलेल्या गोष्टी तुमकूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षे उभ्या आहेत. त्यांना समोरासमोर आणून नीट जोडून देणे, हे आता धोरणकर्त्यांचे आणि उद्योजकांच्या संघटनांचे काम आहे.